सतरावी ओळ

आमच्या ऑफिसात तिला चाळणी म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सरकारी दवाखान्यांतल्या नर्सेसचा जो पेन्शन फंड आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती एकोणतीस वर्षं बसली. काम एकच. नर्सेसचे पैसे आमच्याकडे गुंतवा म्हणून जे फंड मॅनेजर येत, त्यांना चाळून घ्यायचं. कुणी म्हणे आमच्या फळबागा आहेत, कुणी म्हणे पवनचक्क्या आहेत, कुणी शेतावरच सोलार पॅनेल उभी करून वर वीज आणि खाली भाजी असं दुहेरी पीक काढत असे, निदान कागदावर तरी. पुस्तिका चकचकीत, अक्षरं हिरवी, पहिल्या पानावर उगवता सूर्य. ती पुस्तिका पालथी घालायची आणि विचारायची, "हे सगळं बघायला कुठे यायचं?"

दहातले सहा तिथेच गळायचे.

असल्या कामात माणूस गोड राहत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती फटकळ होती. समोरचा चहा मागवायला लागला की म्हणायची, "चहा माझा मी घेऊन आलेय, तुम्ही उत्तर द्या." कामाच्या तिच्या काही खोडी ठरलेल्या होत्या. बुधवारी येते असं कळवायचं आणि सोमवारीच जाऊन उभं राहायचं. साहेबाशी बोलायच्या आधी तिथल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाशी बोलायचं. कंपनीने चौकशीसाठी दिलेले फोन नंबर बाजूला ठेवायचे आणि नोकरी सोडून गेलेला एखादा माणूस स्वतः हुडकून काढायचा. आणि कुरकुर ऐकायची. "जिथे कुणीच कुरकुरत नाही ना, तिथे माणसं पढवून ठेवलेली असतात," असं ती म्हणायची. पगार उशिरा होतो, बूट मिळाले नाहीत, मुकादम तिरसट आहे, अशी दोन रडगाणी कानावर पडली की तिला हायसं वाटायचं.

शिवाय पर्समध्ये शिंप्याची टेप. झाडाच्या बुंध्याला ती गुंडाळायची आणि कागदावरच्या वयाशी घेर ताडून बघायची. लोक हसायचे. हसू दे म्हणायची.

आणि सतरावी ओळ. त्याची गंमत अशी, की नोकरी लागल्यावर पहिल्याच दौऱ्यात ती एका बागेत गेली होती. साहेब लोक सकाळपासून जीपमधून फिरवत होते, चहावर चहा पाजत होते आणि बाईमाणसाला कुठे जाऊन यायचं असेल हे एकाच्याही डोक्यात येत नव्हतं. शेवटी "जरा झाडं बघून येते" म्हणून ती एकटीच आत घुसली. लाजेपोटी खूप आत गेली. सतराव्या ओळीत बसली, आणि उठताना आधाराला शेजारचं झाड धरलं तर ते मुळासकट हातात आलं. मूळ कसलं, नुसती फांदी जमिनीत खोचलेली. पुढची सगळी बाग तशीच. त्या दिवशी नर्सेसचे पैसे वाचले आणि बाईंचं नाव झालं. तेव्हापासून कुठल्याही बागेत, मळ्यात, पॅनेलच्या रांगांत ती मोजून सतराव्या ओळीत जायची. वर म्हणायची, "मी कुठेही घुसते, माझा काही नेम नाही." नेम होता. तिच्याइतका नेम कुणाचाच नव्हता.

नेमाचं खरं कारण एकाच माणसाला माहीत होतं, त्याच्याकडे येतोच. पण आधी ताईबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात काही पणाला लागलं होतं तर ते ताईचंच.

ताई तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि स्वतः नर्स. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे. ताईने एकोणिसाव्या वर्षी पांढरे बूट घातले आणि धाकटीची फी भरली, मेसचे पैसे भरले, थंडीतला कोट घेतला. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, राहू दिलं. अडतीस वर्षं वॉर्डात उभं राहून तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. निवृत्त झाल्यावर जी एकरकमी रक्कम मिळणार होती त्यातून दोन्ही गुडघे बदलून घ्यायचे, आणि मग दर महिन्याच्या पेन्शनवर दोघी बहिणींनी कुठेतरी फिरून यायचं, असं ठरलं होतं. ते पैसे त्याच फंडात, ज्याची चाळणी धाकटी. ताई कधी कुठला कागद वाचायची नाही. शेजारणीला सांगायची, "आमच्या धाकटीने बघितलंय म्हणजे झालं. ती देवालासुद्धा पावती मागेल."

आता तो माणूस. ऑफिसात त्याला सगळे चेला म्हणत. पंचविशीत आला होता, हुशार, नम्र, आणि गप्प बसून ऐकणारा. सात वर्षं तिच्या हाताखाली होता. तिच्या डोक्यातले प्रश्न त्यानेच एकाखाली एक टाइप केले आणि एक्केचाळीस प्रश्नांची यादी केली. तीच यादी पुढे सगळीकडे वापरली जाऊ लागली. दौऱ्यांवर तोच गाडी चालवायचा. एकदा लांबच्या रस्त्यावर गाडी पंक्चर झाली, दोघं झाडाखाली मेकॅनिकची वाट बघत बसले होते, तेव्हा तिने त्याला सतराव्या ओळीचा किस्सा सांगितला. लघवीसकट. दोघं पोट धरून हसले. "कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. त्याने खरंच कुणाला सांगितलं नाही.

मग त्याला बाहेरून बोलावणं आलं. जास्त पगार, मोठी खुर्ची. जाताना तो तिच्या पाया पडायला वाकला, तिने खांदा धरून उठवलं. "जिथे जाशील तिथे लोकांच्या पैशाला जप," एवढंच म्हणाली. त्या दिवशी ती डबा न खाताच घरी गेली, हे ताईने मला नंतर सांगितलं.

पाच वर्षांनी तो परत आला तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. स्वतःचा फंड घेऊन. बदामाच्या नऊ बागा, प्रत्येक बागेत ऐंशी ओळी, शेजारी सोलार पॅनेलचं शेत. पॅनेलच्या विजेवर पंप चालणार, उरलेली वीज विकायची, झाडं मोठी झाली की बदाम. फंडाचे अध्यक्ष खूश. बँकेचं व्याज घसरत चाललं होतं, नर्सेसची संघटना ओरडत होती, आणि अध्यक्षांना वाक्यं टाकायची हौस. "जमीन आणि सूर्य," ते म्हणाले, "दोन्ही कुठे पळून जात नाहीत." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुमचाच माणूस आहे. दुसऱ्या कुणाला तपासायला सांगू का?"

इथे ती हो म्हणाली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण मानी बाई. "माझा आहे म्हणूनच मी बघणार," ती म्हणाली. "दुप्पट कडक बघीन." ऑफिसातल्या नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, उपग्रहाचे फोटो मागवू का?" तर तिला म्हणाली, "आकाशातून तणही हिरवंच दिसतं. मला पाय आहेत." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपण दुसऱ्याला सहज म्हणतो.

बुधवारी येते असं कळवून ती सोमवारी सकाळी पोचली. चेला तिथे नव्हता. तिला बरं वाटलं. पॅनेलच्या शेतात एक म्हातारा लांब दांड्याच्या ब्रशने काचा धूत होता. तिने एका पॅनेलवरून बोट फिरवलं, धूळ बेताचीच. म्हाताऱ्याला विचारलं, "किती दिवसांनी धुता?"

"पंधरा दिवसांनी, बाई. कधी वीस होतात. पाणी लांबून आणायला लागतं, आणि हातमोजे मागून मागून थकलो. पगाराचंही असंच. तारीख सातची, देतात बाराला."

तिच्या जिवात जीव आला. कुरकुर होती. पढवलेलं नव्हतं.

मग बाग. रस्त्याला समांतर ओळी, म्हणजे एकेक ओळ ओलांडत आत जायचं. झाडं डोक्याच्या वर गेलेली, फांद्या खालपर्यंत, चार-पाच ओळींपलीकडे काही दिसत नव्हतं. मोजत मोजत सतराव्या ओळीत आली. बुटाची टाच रोवून माती उकरली, आत ओल. ठिबकच्या नळीवर अंगठा दाबला, थेंब आला. एक झाड दोन्ही हातांनी धरून हलवलं, हललं नाही. टेप गुंडाळली, वयाला शोभेलसा घेर. इकडेतिकडे बघितलं, सगळीकडे पान तजेलदार. नऊपैकी तीन बागा तिने स्वतः निवडल्या आणि तिन्हीत हेच केलं. नोकरी सोडून गेलेला एक हिशेबनीस तिने हुडकून काढला, तो फोनवर म्हणाला, "साहेब फार चिडका आहे हो. एका पावतीवरून मला सगळ्यांसमोर बोलला. पण पैशाला स्वच्छ." तिला हसू आलं. पावतीवरून बोलणं कुणाकडून शिकला ते तिला माहीत होतं.

अहवालात तिने एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस प्रश्नांपुढे समाधानकारक लिहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वर दोन अटी घातल्या, पगार वेळेवर द्यावा आणि कामगारांना हातमोजे द्यावेत. पेन्शन फंडातला एक-तृतीयांश पैसा तिकडे गेला. घरी येऊन ताईला म्हणाली, "पोराने नाव काढलं गं." ताई म्हणाली, "तुझंच."

दीड वर्ष सगळं सुरळीत. दर तिमाहीला पत्र, पत्रात झाडांचे फोटो. मग ताई निवृत्त झाली, निरोपाला तिला एक घड्याळ मिळालं, आणि सर्जनने गुडघ्यांची तारीख दिली. त्या तारखेच्या तीन आठवडे आधी चेल्याच्या फंडाचं पत्र आलं. प्रतिकूल परिस्थितीमुळे पैसे काढण्याची सोय तूर्त स्थगित. तूर्त म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. इकडे पेन्शन फंडाने हात वर केले. एकरकमी रक्कम थांबवली, पेन्शन निम्मी केली. ताईने सर्जनला फोन करून तारीख रद्द केली आणि धाकटीला उलट धीर दिला. "होईल गं नीट. तू बघितलंयस ना."

त्या वाक्याने ती दुसऱ्या दिवशी बागेवर गेली. न कळवता, आणि या वेळी खरोखरच न कळवता. फाटकाला कुलूप नव्हतं. पॅनेलवर इतकी धूळ होती की निळा रंग दिसत नव्हता. तोच म्हातारा सावलीत बसला होता, ब्रशचा दांडा शेजारी. त्याने तिला ओळखलं आणि उठायची तसदी घेतली नाही.

ती बागेत शिरली. सतराव्या ओळीत आता झाडं सुकायला लागली होती, पण झाडं होती. ती तिथे उभी राहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा पुढे निघाली. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. तेविसाव्या ओळीत बाग संपली. पुढे उघडा माळ, गुडघाभर वाळलेलं गवत, रांगेत खोचलेल्या बांबूच्या काड्या, आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, ज्यांचं प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा कुणी फोडलं नव्हतं. अठ्ठावन्न ओळी. दुसऱ्या बागेत गेली, बाविसावर संपली. तिसऱ्या बागेत तिने मोजलंच नाही.

परत येऊन ती म्हाताऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"बावीसच का?" तिने विचारलं.

"विहिरीला तेवढंच पाणी, बाई. पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यातही टँकर आणायचो." आता पगारच नव्हता, तर लपवायचं कुणासाठी. "साहेबांनी जमिनीवर काठीने काढून दाखवलेलं. म्हणाले, एक बाई येईल. बुधवार सांगेल, सोमवारी येईल. सतराव्या ओळीत उभी राहील. तिथून नजर पाच ओळी जाते. तेवढं हिरवं ठेवा."

"आणि हातमोजे? पगाराची बारा तारीख?"

"तेही सांगितलेलं. थोडी तक्रार करा म्हणाले, जास्त नको." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "हातमोजे तुम्ही गेल्यावर मिळाले मात्र. चांगले होते."

हिशेबनिसाबद्दल तिने विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती. गुरूची विद्या गुरूला, असं म्हणतात. म्हणायला सोपं आहे. ती त्या धुळीत बसून रडली, आणि म्हातारा बिचारा दुसरीकडे बघत राहिला.

चेल्याने फोन उचलला, याचं मला अजून नवल वाटतं. आवाज तसाच नम्र. "बाई, मी चोर नाही," तो म्हणाला. "दुसरी विहीर लागली असती तर दोन वर्षांत सगळ्या ओळी भरल्या असत्या. त्यासाठीच पैसे हवे होते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही दिले असते का?"

"नसते दिले."

"मग?"

"अरे, ताईचे पैसे होते त्यात," ती म्हणाली. "तू तिच्या हातचं जेवलायस."

तो हळूच म्हणाला, "तुम्ही विचारलेल्या एकाही प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं नाही. यादी काढून बघा." आणि तिने खरंच काढून बघितली. झाडांची पाहणी केली का? केली. माती ओली आहे का? आहे. किती ओळी लावल्या आहेत हा प्रश्न यादीत नव्हता, कारण ती कधी कुणाला विचारायचीच नाही, स्वतः जाऊन बघायची. यादी त्यानेच टाइप केली होती. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की त्याला नंतर सुचलं, याचा विचार ती आजही करते.

चौकशी झाली. तीन माणसांची समिती, चार महिने, बिस्किटं आणि चहा. तिने समितीला सगळं सांगितलं, सतरावी ओळसुद्धा, अगदी पहिल्या दौऱ्यापासून. समितीतल्या एकाने खोकल्यासारखं केलं, दुसऱ्याने ते लिहून घेतलं नाही. अहवाल आला. सर्व प्रक्रिया काटेकोरपणे पाळण्यात आली होती, कुणाही कर्मचाऱ्याची चूक नाही, नुकसान नैसर्गिक कारणांमुळे. एवढंच नाही, तर ही एक्केचाळीस प्रश्नांची यादी इतकी उत्तम आहे की यापुढे सर्व गुंतवणुकींसाठी सक्तीची करावी, अशी शिफारस. अध्यक्षांनी तिला बोलावून हात मिळवला. "बघा, डाग लागला नाही," ते म्हणाले. तिने हात धुतला. खरंच, बेसिनवर जाऊन साबणाने धुतला.

चेल्याचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. दुसऱ्या एका फंडाने त्याला सल्लागार नेमलं. गुंतवणुकीआधी मॅनेजर कसे पारखावेत, यावर तो भाषणं देतो.

ज्या दिवशी अहवाल आला त्या दिवशी ती दुपारीच घरी गेली. ताई खोलीत खाटेच्या कडेला बसली होती. तिचे जुने पांढरे बूट पायाशी होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने काम धरलं होतं, एका आजारी बाईला सांभाळायचं, दुपारी दोन ते आठ. ती बाई तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि लिफ्ट नव्हती.

"समितीचा निकाल आला," धाकटी म्हणाली. "माझी चूक नाही म्हणतात."

"बरं झालं," ताई म्हणाली. वाकून बुटाचा बंद ओढायचा तिचा प्रयत्न चालला होता. गुडघा दुमडत नव्हता.

"पण चूक माझीच आहे, ताई. मी सतराव्या ओळीच्या पुढे गेले नाही. कधीच जात नव्हते."

ताईचे हात थांबले. ओळी, बागा, ठिबक, यातलं तिला काही कळत नव्हतं. पण एवढं कळलं.

"माझ्या वॉर्डात चाळीस खाटा होत्या," ती म्हणाली. "मी चाळिसाव्या खाटेपर्यंत जायचे. रोज. तुझी फी भरायची होती तेव्हाही, आणि पाय सुजले होते तेव्हाही." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "आणि तू एका ओळीत उभी राहून परत आलीस? माझ्या पैशांना?"

धाकटी खाली बसली आणि बुटाचा बंद बांधायला हात पुढे केला.

ताईने पाय मागे घेतला. "राहू दे," ती म्हणाली. "मी बघते माझं."

बंद बांधायला तिला बराच वेळ लागला. मग भिंतीचा आधार घेत ती उठली आणि कामाला गेली. जिन्यात तिची पावलं एकेका पायरीवर थांबत उतरत होती. धाकटी जमिनीवर बसून ती मोजत राहिली, शेवटच्या पायरीपर्यंत.